बिनसणाचा हलवा

बाई, तुम्ही गेल्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हणाल्या, किती शांत स्वभावाच्या होत्या. शांत माणूस चार वर्षं रोज संध्याकाळी वाद घालत नाही. वादही एकच. सुंदर वस्तूचा उपयोग काय, हे मी विचारायचं. उपयोग कशाला हवा, हे तुम्ही विचारायचं. तो मिटायच्या आत तुम्ही गेलात. त्या वादात मी एक वाक्य असं बोलले, जे बोलायला नको होतं. तुम्ही असताना ते मागे घेतलं नाही. आता कागदावर घेते.

आपली गाठ पडायचं तसं कारण नव्हतं. तुम्ही नाशिकच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, लग्न केलं नाहीत, निवृत्त झाल्यावर भाची मृणालकडे दोह्याला आलात. मी चौथी पास. नवरा गेल्यावर मुलगा इथे घेऊन आला. संजय एसी दुरुस्तीच्या कामावर सुपरवायझर आहे. अल हिलालच्या ह्या बिल्डिंगमध्ये तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. जानेवारीत एकदा तुम्ही आमची बेल वाजवलीत.

"तुमच्याकडे साखर जळतेय का?"

"जळत नाही. हलवा चाललाय."

"दागिन्यांचा?"

"मग काय गाजराचा?"

तुम्ही आत आलात आणि तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरातून हलला नाहीत.

मला तेव्हा तुमचं नवल वाटलं. बघण्यासारखं त्यात काय आहे? परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे, सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. दिवसभर तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दाण्याला काटे फुटतात. हवा गार आणि कोरडी असेल तरच फुटतात, नाहीतर नुसते पांढरे गोळे हातात येतात. मग ते दाणे ओवायचे, पुठ्ठ्यावर बसवायचे, आणि हार, नथ, बांगड्या, कंबरपट्टा करायचा. नवी सून पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालते. तान्ह्या बाळाला बोरन्हाणाला घालतात. एक दिवस. दुसऱ्या दिवशी पोरं खातात, नाहीतर मुंग्या.

"तीन दिवस राबायचं आणि एक दिवस टिकणार," तुम्ही म्हणालात. "इंदूताई, तुम्ही काय करताय, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"चौथ्या मजल्यावरच्या सुनेचा कंबरपट्टा करतेय."

तुम्ही हसलात. मग तुम्ही मला तुमच्या त्या लोकांची गोष्ट सांगायला सुरुवात केलीत. ती पुढे चार वर्षं पुरली.

जुन्या रुपयावर जिचा चेहरा असायचा त्या राणीच्या काळात, तिच्याच देशात, काही कवी, चित्रकार आणि लिहिणारे लोक निघाले. त्या वेळी तिकडे सगळ्यांना वाटायचं की पुस्तकाने माणूस सुधारला पाहिजे. वाईट चालीची बाई शेवटच्या पानाच्या आत मेली पाहिजे. हे लोक म्हणाले, नाही. कवितेने कुणाला शहाणं करायचं नाही, चित्राने कुणाला उपदेश करायचा नाही. सुंदर असणं एवढंच त्याचं काम. ते झालं की झालं.

मला काही केल्या कळेना. मग तुम्ही विचारलंत, "तुमच्या शाळेच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी काय असायचं?"

"तात्पर्य."

"ह्या लोकांनी तात्पर्य खोडलं."

तेव्हा कळलं. बाई, तुम्ही चांगल्या शिक्षिका असणार. पण कळलं म्हणून पटलं नाही. मी म्हटलं, "तात्पर्य नसेल तर गोष्ट संपली हे कसं कळणार?" तुम्ही मान हलवलीत, घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "आजचं खलास. उरलेलं उद्या." तुम्हाला इथे येऊन सहा महिने झाले होते आणि अरबी शब्द तेवढाच येत होता. तो तुम्ही रोज वापरलात.

मग आपलं फिरणं सुरू झालं. दिवस मावळून मगरिबची बांग झाली की तुम्ही खाली यायचात, आपण मागच्या बागेला तीन फेऱ्या मारायचो आणि बाकावर बसायचो. तुम्ही सांगायचात की त्या लोकांनी कारखान्यात निघालेल्या एकसारख्या, बेढब वस्तूंचा धसका घेतला होता. घराची भिंत, पडदा, चहाचा कप, अंगावरचा कपडा, सगळं निवडून घ्यायचं, डोळ्याला बरं वाटेल असं. जगणंच एखादं चित्र रंगवावं तसं जगायचं. लोक त्यांची टर उडवायचे. हातात फूल धरून उभी राहिलेली माणसं म्हणून त्यांची चित्रं काढायचे.

"त्यांच्या घरी भांडी कोण घासायचं?" मी विचारलं.

तुम्ही थांबलात. फेरी अर्धी राहिली. "मोलकरणी असणार," तुम्ही म्हणालात.

"त्यांनी निवडून घेतले होते का पडदे?"

तीस वर्षांत एकाही पोराने पेपरात हे लिहिलं नाही, असं म्हणून तुम्ही दोन दिवस ते मृणालला सांगत होतात. मला वाटलं, जिंकले. पण तुम्ही तिसऱ्या दिवशी परतफेड केलीत. तुमचा तो निळ्या वेलीचा पातळ कप होता, विमानात मांडीवर घेऊन आणलेला. त्यात जेमतेम अर्धा चहा मावतो आणि लगेच निवतो. मी त्याला नावं ठेवायची. त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी माझं कपाट उघडं बघितलंत. आत माझ्या लग्नातला सहा कपांचा सेट, खोक्यात, कागदात गुंडाळलेला.

"हे कधी वापरता?"

"पाहुणे आले की."

"मी पाहुणी नाही का?"

"तुम्ही रोजच्या."

"म्हणजे माझा कप सुंदर आहे आणि त्यातून मी रोज चहा पिते. तुमचे सहा कप पन्नास वर्षं कागदात आहेत. आता सांगा, बिनउपयोगाचं कोण?"

मी कपाट लावून घेतलं. कप अजून कागदातच आहेत, हेही सांगून टाकते.

एकदा मात्र मी खरंच जिंकले. थंडीत एका शुक्रवारी मृणाल आपल्याला गाडीने उत्तरेला अल रुवैसला घेऊन गेली. बंदरावर मासे पकडायचे तारेचे सापळे रचून ठेवले होते, घुमटासारखे, माणसाएवढे उंच, सगळी जाळी हाताने विणलेली. तुम्ही गाडीतून उतरून त्यांच्यासमोर उभ्या राहिलात ते राहिलातच. वाऱ्याने पदर उडत होता, तिकडे लक्ष नाही. तिथे एक केरळचा माणूस तार वळत बसला होता. तुम्ही त्याला तुमच्या कॉलेजच्या हिंदीत विचारलंत, "भाईसाहब, यह इतना सुंदर किसने बनाया?"

त्याने वर बघितलं. "सुंदर-विंदर कुछ नहीं, अम्मा. मछली के लिए है."

मी एवढी हसले की मृणालने मला पाणी दिलं. परतीच्या वाटेवर अल खोर मागे पडल्यावर म्हणालात, "जाळी गोल नसती तर मासा कोपऱ्यात चिमटला असता. म्हणजे कामामुळेच ती सुंदर झाली आहे. हे माझ्या लोकांना कळलं नव्हतं." असं कबूल करायला तुम्हाला लाज वाटायची नाही. मला वाटते.

आणखी एक संध्याकाळ. त्याबद्दल मी कधी कुणाजवळ बोलले नाही. तुम्ही सांगत होतात की त्या लोकांच्या मते माणूस वाईट असला तरी त्याने केलेली वस्तू सुंदर असू शकते. दोन्ही वेगळं ठेवायचं. मी म्हटलं, माझा नवरा भजन असं म्हणायचा की बसलेली माणसं डोळे पुसायची. घरी आला की हात उचलायचा. तोच गळा मला शिव्या द्यायचा.

तुम्ही चालत राहिलात. मग विचारलंत, "गाणं सुंदर होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "त्याचाच राग येतो."

तुम्ही माझा हात धरला नाहीत, अरेरे म्हटलं नाहीत. "हं," म्हणालात आणि आपण उरलेली फेरी पूर्ण केली. त्या एका "हं"साठी मी तुमची आभारी आहे. दुसऱ्या कुणी तिथे मला जवळ घेतलं असतं तर मी पुन्हा फिरायला गेले नसते.

म्हणून माझं पुढचं वागणं मलाच जास्त लागतं. तुम्ही माझ्याशी नीट वागलात. मी नाही.

ह्या वर्षीची संक्रांत होऊन दीड-दोन महिने झाले होते. मी चहा टाकला, तुम्ही तुमचा कप वरून घेऊन आला होतात. तुम्ही म्हणालात, "इंदूताई, माझं एक काम आहे. हलव्याचे दागिने करून द्या. पूर्ण संच नको. नथ, तन्मणी आणि दोन बांगड्या."

"आता? संक्रांत झाली."

"सण नकोच आहे."

"कुणाला घालायचेत?"

"कुणालाच नाही. टेबलावर काळ्या कपड्यावर ठेवेन आणि बघेन."

मी पातेल्यात बघत होते. चहा उतू येत होता. मी म्हटलं, "बाई, लग्न झालं नाही त्याची हौस ह्या वयात भागवायची आहे का?"

मला तेव्हा ते फारसं वाईट वाटलं नव्हतं. आमच्यात असंच बोलतात. शिवाय मला खरंच तसं वाटलं. आमच्याकडे हलव्याचे दागिने सुनेचे, नाहीतर बाळाचे. तिसरं माणूस नाहीच. तिसरं माणूस मागतंय म्हणजे त्याचं काहीतरी राहून गेलेलं असणार, एवढाच माझा हिशोब. मला तुमची कीवही आली, हे त्याहून वाईट.

तुम्ही कप बशीत ठेवलात. आवाज झाला नाही इतक्या हळू.

"चार वर्षं बोलतोय आपण," तुम्ही म्हणालात. "आणि तुम्हाला एवढंच दिसलं?"

चहा न घेता वर गेलात. दुसऱ्या दिवशी फिरायला खाली आलात. मी चुकले असं म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं. पण मी माझ्या सुनेच्या पायाच्या दुखण्याचं बोलले आणि तुम्ही उकाड्याचं. तेव्हापासून आपण सगळं बोललो, फक्त ते लोक आणि त्यांचं सुंदर असणं सोडून. फेऱ्या तेवढ्याच झाल्या. तुम्ही खलास म्हणायचं बंद केलंत, कारण संपवायला काही नव्हतंच.

माझं मनात ठरलं होतं. पुढच्या संक्रांतीला करेन आणि सांगेन की हलवा उरला होता, म्हणून केली नथ. माफी मागायची मला सवय नाही. कुणी माझीही मागितलेली नाही, त्यामुळे कशी मागतात हे बघायला मिळालं नाही. हे सबब म्हणून सांगत नाही. तसं आहे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तुमच्या छातीत दुखलं, मृणालने हॉस्पिटलात नेलं, दुपारपर्यंत तुम्ही गेलात. आदल्या दिवशी आपण लिफ्टपाशी भेटलो होतो. तुमच्या हातात कोथिंबीर होती. "इथली कोथिंबीर दिसते छान, वास नाही," तुम्ही म्हणालात. मी "हो" म्हटलं. आपलं शेवटचं बोलणं कोथिंबिरीचं. कागदपत्रं झाल्यावर मृणाल तुम्हाला नाशिकला घेऊन गेली. मी इथेच होते. विमानाची वेळ झाली तेव्हा मी पोळ्या लाटत होते.

सप्टेंबरमध्ये मृणाल परत आली आणि तुमचा कप घेऊन खाली आली. "काकू, हा तुमच्याकडे ठेवा. मावशीचा जीव होता ह्यात." मी घेतला. ती गेल्यावर मी तीळ निवडायला बसले.

संजय म्हणाला, "आई, कशाला ह्या दिवसांत? बाहेर दमट हवा बघ, काचा घामेजल्यात. काटा येणार नाही."

"येईल."

नाही आला. पहिला घाणा दोन दिवस फिरवला आणि सगळा चिकटला. दाण्याला दाणा लागून ढेकळं झाली. फेकून दिला. संजयने मग काही न विचारता स्वयंपाकघराची खिडकी टेपने बंद केली, एसी कोरड्या हवेवर लावला, कामावरून एक हवा सुकवायचं यंत्र उचलून आणलं आणि परातीशेजारी ठेवलं. सून म्हणाली, "चार दिवस डब्याला काय करायचं?" मी म्हटलं, "बाहेरून आणा." असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

दुसरा घाणा चार दिवस चालला. बोटांची टोकं भाजून सोलवटली. चौथ्या दिवशी काटा फुटला.

आता जे सांगते ते नीट ऐका. दर वर्षी काटा फुटला की मी पुढच्या कामाला लागते. दोरा पुरेल का, पुठ्ठा कापला का, नव्या सुनेची आई खोट काढेल का. ह्या वेळी पुढे कुणी नव्हतं. कुणाला संध्याकाळपर्यंत द्यायचं नव्हतं. मी एक दाणा घेऊन खिडकीपाशी गेले. उन्हात धरला. एवढासा दाणा, आणि त्याच्या प्रत्येक काट्याची सावली वेगळी पडत होती माझ्या बोटावर. बाई, मी पन्नास वर्षं हलवा करते. बघितला नव्हता.

तुम्हाला त्या दिवशी हौस नव्हती, कमीपणा नव्हता, काही राहून गेलेलं नव्हतं. तुम्हाला हे बघायचं होतं. तुम्ही तसं सांगितलंही होतंत, स्वच्छ मराठीत. माझं वाक्य चुकलं. ते मी परत घेते.

पण तुमचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मी ही नथ केली ती तुमच्यासाठी केली, माझं बोलणं पुसायला केली. म्हणजे तिचा उपयोग झालाच. तुमच्या लोकांच्या नियमात ती बसत नाही. ती नुसती सुंदर असायला हवी होती, आणि ती माझ्या कामाला आली. ह्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला सुचत नाही. तुम्ही काहीतरी म्हणाला असतात आणि माझा आठवडा गेला असता.

नथ, तन्मणी, दोन बांगड्या. तुम्ही मागितलं तेवढंच केलं. तुमच्या लोकांना आवडावा म्हणून घाट मात्र जरा जास्त निगुतीने बसवला. आमच्या जेवणाच्या टेबलावर काळा ब्लाउजपीस अंथरला आणि मांडलं. मृणाल आली, उभी राहिली, नाक पुसलं. "काकू, काचेची पेटी करून घेऊ या का ह्याला? कायमचं राहील."

"नको. मुंग्या येतील तोवर राहू दे."

ती खुर्चीत बसली आणि बघत राहिली. मी तिला तुमच्या कपात चहा दिला. निवला तरी तिने प्यायला.

ती गेल्यावर माझी नात अन्वी शाळेतून आली. सात वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. दप्तर टाकून टेबलापाशी आली.

"आजी, बट संक्रांत इज इन जॅन्युअरी."

"माहीत आहे."

"हू विल वेअर इट?"

"कुणी नाही."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. अगदी माझ्यासारख्या, असं सून म्हणते. "देन व्हॉट इज इट फॉर?"

बाई, माझाच प्रश्न. चार वर्षं मी तुम्हाला विचारलेला. मी हात पुसले.

"बघायला," मी म्हटलं.

तिने खुर्ची ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि बघितलं. तिच्या मानाने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कॅन आय ईट वन?"

"खा."

तिने नथीचा अगदी खालचा दाणा तोडला आणि तोंडात टाकला. घाट बिघडला. मी तो नीट केला नाही. हे तुमच्या बाजूने धरायचं की माझ्या, हे मला ठरवता येत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही आहात.

आजचं खलास.